बिनसाखरेची पंगत

मुरबाड तालुक्यातल्या कोणत्याही मांडवात पंगत बसली, की वाढपी पुढे जात आणि आमचे आचारी मागे राहत. पहिल्या घासापासून शेवटच्या ताकापर्यंत ते खांबाला पाठ लावून उभे असत. डोळे तेवढे ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे फिरत. नवख्या यजमानाला वाटे, हे कौतुक ऐकायला थांबले आहेत. मग तो जवळ जाऊन म्हणे, "वा आचारी, मसालेभात काय झालाय!" आचारी त्याच्याकडे न पाहता म्हणत, "जरा बाजूला व्हा, शेवटची चार पानं दिसत नायत."

त्यांच्या भाषेत माणूस म्हणजे पान. अडीचशे पान, पाचशे पान. त्यातही टोकावड्याचे पान वेगळे, शहापूरचे वेगळे, आणि वैशाखऱ्याहून डोंगर चढून-उतरून आलेले पान सर्वांत वेगळे.

"एवढे पाहता तरी काय?" मी एकदा विचारले.

"माणूस थांबतो कुठं, ते," ते म्हणाले. "चव तोंडावर दिसतेच, गुरुजी. थांबला कुठं, ते पुढच्या येळेला लागतं."

त्यांना जाऊन आता दोन वर्षे झाली. मी पौरोहित्य करतो. ते स्वयंपाक करीत. पूजा संपली की माझे काम संपे आणि त्यांचे सुरू होई, म्हणून चाळीस वर्षे आम्ही एकाच घरात भेटत राहिलो. त्यांच्याविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. लिहिताना संकोच एवढाच वाटतो, की त्यांची थोरवी सांगायची तर माझे अज्ञानही सांगावे लागेल. ते सांगण्याचे वय आता झाले आहे.

कार्याचा बेत ठरवायला यजमान घरी आला, की पदार्थांचे नाव काढण्याआधी आचारी त्याची उलटतपासणी घेत. पाहुणे येणार कशाने? घाटावरून एस.टी.ने येणार असतील तर त्यांना पहिल्या पंगतीला बसवू नका, वळणांनी पोट ढवळलेले असते, निम्मे जेवतील. दुसऱ्या पंगतीला बसवा, दीडपट जेवतील. भाताची झोडणी चालू आहे की संपली? मुलाकडचे लोक शेतावरचे की कचेरीतले? शहापूरकडचा एक यजमान शेवटी वैतागून म्हणाला, "आचारी, तुम्ही सैपाकाला आलात का जनगणनेला?"

"सैपाकालाच," ते म्हणाले. "पण जेवणार कोण ते तुमाला माहीत, आन् चूल पेटवणार मी. मंग मला कळायला नको?"

केलेला पदार्थ ते स्वतः कधीही चाखत नसत. मीठ पाहण्याचे काम त्यांच्या पत्नीकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे होते. "बघ गो" असे ते म्हणत, आणि काकूंनी मान हलवली की पातेले उतरे. शेवटची पंगत उठेपर्यंत ते पाण्यावाचून काही घेत नसत. मी त्याला व्रत समजून एकदा त्यांना नमस्कार केला, तर ते ओशाळले. "कसलं व्रत! चाखत बसलो की माझी भूक मरते. आपली मेली की दुसऱ्याची कळत नाय." व्रताचे इतके व्यावहारिक कारण पाठशाळेत मला कोणी सांगितले नव्हते.

पौषात म्हसा गावची जत्रा भरली, की मात्र ते कोणाचेही काम घेत नसत. त्यांचे घर म्हशाजवळच. जत्रेत जिलेबीच्या दुकानांकडे ढुंकूनही न पाहता ते थेट बैलबाजारात शिरत आणि दावणीमागून हिंडत. गिऱ्हाइके बैलाचे दात पाहत, खांदा पाहत. हे बैलापुढे उरलेला चारा पाहत. माझ्या देखत त्यांनी एका ओळखीच्या शेतकऱ्याला सांगितले, "हा घेऊ नको. पेंड तेवढी चाटतोय, वैरण तशीच."

विकणारा भडकला. "बैल हाय का जावई? त्याला आवडंल ते खाईल!"

"जावई असता तर मीच नेला असता," आचारी शांतपणे म्हणाले. "नखरे सोसायची सवय हाय मला."

आजूबाजूची माणसे हसली. विकणाराही हसला. बैल मात्र त्या दिवशी तिथेच राहिला.

आता माझ्या गुडघ्यांविषयी. बालपणी पाठशाळेत गुरुजींनी मंत्राआधी आसन शिकवले. बैठक स्थिर नसेल तर उच्चार स्थिर राहत नाही, असे ते म्हणत आणि अर्धा अर्धा प्रहर आम्हांला नुसते बसवून ठेवीत. त्या बैठकीवर माझा सारा जन्म गेला. अडुसष्टाव्या वर्षी ती बैठक मोडू लागली. सत्यनारायणाच्या कथेचा तिसरा अध्याय आला की गुडघ्यात कळ उठे. आरतीला उठायचे तर यजमानाच्या खांद्याचा आधार घ्यावा लागे.

शहापूरच्या डॉक्टरांनी तपासले आणि मला वजनकाट्यावर उभे केले. अठ्ठ्याऐंशी किलो. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ते म्हणाले, "गुरुजी, दहा किलो उतरवा. नाहीतर गुडघे बदलावे लागतील, आणि बदलल्यावर मांडी घालून खाली बसणे विसरा."

"मग पूजा?"

"खुर्चीत बसून सांगा. देव काय रागावणार आहे?"

देव रागावत नाही, हे मलाही ठाऊक होते. खुर्चीवर बसून पूजा सांगणाऱ्या कोणाला मी कधी कमी लेखले नाही. देहाच्या अडचणी देवाला कळतात. परंतु देव चौरंगावर, यजमान पाटावर आणि मी त्या दोघांहून उंच, ही कल्पना माझ्या अंगवळणी पडणारी नव्हती. मी मनाशी ठरवले, की बैठक गेली तर पूजा सांगणे थांबवायचे. हे मी कोणाला सांगितले नाही.

साखर बंद केली. सुनेने एक छोटी पांढरी डबी आणून दिली. वरचे बटण दाबले की बारीकशी गोळी टपकन चहात पडे आणि चहा पूर्वीसारखा गोड होई. पुरोहिताला दिवसाकाठी चार घरी चहा घ्यावा लागतो. प्रत्येक घरी मी कंबरेची डबी काढी, बटण दाबी, आणि लोक आदराने म्हणत, "गुरुजींचा संयम बघा." मलाही तो संयम दिसू लागला. एखाद्या यजमानीणबाईंनी पुरणपोळी पुढे केली, तर मी म्हणे, "वाढा, साखर तर मी केव्हाच सोडली आहे." पुरणात गूळ असतो, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

चार महिन्यांनी काट्यावर उभा राहिलो. नव्वद.

डॉक्टरांनी काटा दोनदा पाहिला. मी तीनदा पाहिला. त्यांनी एवढेच म्हटले, "दिवाळीपर्यंत वाट पाहू. मग शस्त्रक्रियेची तारीख ठरवू."

ज्या उन्हाळ्यात माझे वजन असे वर जात होते, त्याच उन्हाळ्यात आचाऱ्यांवर त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा अपमान ओढवला. शहापूरजवळच्या एका लग्नात वधूपिता निवृत्त अधिकारी होते. साखर हे पांढरे विष आहे, असे त्यांच्या वाचनात आले होते. पाचशे पानांना श्रीखंड करायचे, पण बिनसाखरेचे, साखरेऐवजी गोळीसारखीच गोड पूड घालून, असे त्यांनी सांगितले.

आचारी म्हणाले, "करीन. पण चक्का जास्त आणा. साखर निसती गोडी नसते साहेब, तिला वजन असतं. ती काढली की पातेलं खाली बसतं."

"आणू की. आणखी काही?"

"आन् पुऱ्यांचा अंदाज मला लागंना."

"श्रीखंडाचा पुऱ्यांशी काय संबंध?"

"तेच कळंना," आचारी म्हणाले.

नेहमीच्या हिशेबाने त्यांनी कणीक भिजवली. शेवटची पंगत घरच्या माणसांची होती; त्यात मुलीचे सख्खे मामा बसले होते. त्या पंगतीत पुऱ्या संपल्या. श्रीखंड संपले. मसालेभात खरवडून वाढला, तरी आठ पानांना पुरला नाही. माणसे समजूतदार होती, ताकावर भागवून उठली. पण मुलीच्या मामाने अर्ध्या पोटी उठावे, ही गोष्ट आमच्या भागात लहान नाही. मी मांडवामागे गेलो तेव्हा आचारी रिकाम्या पातेल्याशेजारी बसले होते आणि काकू त्यांना सांगत होत्या, "अहो, दोन घास खाऊन घ्या." ते म्हणाले, "आठ पानं उपाशी गेली गो. मी कसला खातो?"

त्या हंगामात आणखी दोन ठिकाणी बिनसाखरेचे गोड झाले. दोन्ही ठिकाणी त्यांनी सावधपणे कणीक वाढवली आणि दोन्ही ठिकाणी ती संपली. मग ते माझ्या घरी आले. ओटीवर बसले.

"गुरुजी, तुमी शिकलेले. एक विचारू? माणसाला गोड म्हणून सांगितलं आन् पोटात काय गेलंच नाय, तर पोट रागावतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं बगा. जिभेनं पोटाला निरोप धाडला, गोड आलं. पोट वाट बघत बसलं. आलं कायच नाय. मंग ते म्हणतंय, पुरी आण, भात आण. असं होत असंल? का पोटाचा दोष नाय, डोक्याचाच हाय? साखर नाय म्हटलं की माणूस सैल सुटतो, असं? दोनांतलं एक कायतरी हाय. कुठलं ते कळंना."

मी त्यांच्यासमोरच चहात गोळी टाकली आणि म्हणालो, "हा विचार तुमचा नव्हे, डॉक्टरांचा. तुम्ही कणीक वाढवा म्हणजे झाले." त्यांनी माझ्या कपाकडे पाहिले, मग माझ्या पोटाकडे पाहिले आणि उठले. त्या पाहण्याचा मला राग आला होता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

श्रावणात टोकावड्याला एका निवृत्त एस.टी. वाहकाकडे सत्यनारायण होता. पूजा मी सांगितली. देवाच्या नैवेद्याचा शिरा आचाऱ्यांनी वेगळा, लहान पातेल्यात, सव्वाच्या मापाने साखर, रवा, तूप घालून केला होता. तो प्रसाद चिमूट चिमूट वाटला गेला. नंतर जेवणाची पंगत. समोरासमोर दोन ओळी, पन्नास-पन्नास पाने. मी दुसऱ्या ओळीच्या टोकाला, गुडघ्यामुळे भिंतीला टेकून.

माणसे बसून झाल्यावर आचाऱ्यांनी स्वतः हाक दिली. या ओळीला साखरेचा शिरा. त्या ओळीला बिनसाखरेचा शिरा. ज्याला चालत नसेल त्याने हात आडवा धरावा.

पहिल्या ओळीतल्या पाच-सहा जणांनी हात आडवा धरला. बाकीच्यांनी एकेक मूद घेतली आणि वाढपी पुन्हा आला, तेव्हा "नको रे, साखरेचा हाय" असे म्हणत पानावर हात ठेवला. आमच्या ओळीत निराळाच उत्साह होता. शेजारचे तलाठी म्हणाले, "गुरुजी, घ्या की! तूपच काय ते, साखर तर नाय." मी घेतला. पुन्हा आला, पुन्हा घेतला. तिसऱ्या खेपेला वाढपी पुढे निघाला होता. त्याला मीच बोलावले.

जेवण आटोपले. आचारी ओळ पाहून झाल्यावर माझ्यापाशी आले आणि भिंतीशी उकिडवे बसले. त्यांचा चेहरा पुष्कळ महिन्यांनी मोकळा दिसत होता.

"कळलं, गुरुजी. पोटाचा दोष नाय."

"म्हणजे?"

"दोन्ही पातेल्यांत शिरा एकच. दोन्हींत ती बिनसाखरेची पूड. चुलीवरून उतरवून मंगच घातली, नायतर ती कडवट होते. यजमानांना ठाव हाय, त्यांनी मंजुरी दिली. शिरा एकच, गोडी एकच. सांगितलं तेवढं वेगळं. त्या ओळीचं पातेलं अर्धं उरलंय. तुमच्या ओळीचं खरवडलं. ज्यांनी हात आडवा धरला ते मी मोजलेच नायत. पुऱ्या पण तुमच्याच ओळीनं जास्त खाल्ल्या."

मी म्हणालो, "आचारी, आज सत्यनारायण आहे. सत्याच्या पूजेनंतर तुम्ही शंभर माणसांना खोटे सांगितलेत!"

"पन्नासांना," ते म्हणाले.

"काय?"

"पन्नासांना खोटं सांगितलं. त्याची माफी आत्ता त्यांच्याकडं मागून येतो. पण तुमच्या ओळीला मी खरंच सांगितलं. बिनसाखरेचा म्हटलं, बिनसाखरेचाच होता." मग अगदी हळू, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते म्हणाले, "खरं ऐकूनच तुमी तीनदा घेतलात, गुरुजी. दोन वर्षांपूर्वी तुमी एकदाच घ्यायचात. मला तुमचं पान पाठ हाय."

ते उठले आणि पहिल्या ओळीतल्या माणसांपुढे हात जोडून खरोखरच माफी मागत फिरले. तिकडे हशा पिकला, एक म्हातारा म्हणाला, "मेल्या, आधी सांगितलं असतंस तर मीपण तीनदा घेतला असता!" मी मात्र भिंतीपाशीच, मघाशी आरती केलेल्या देवाकडे पाहत बसून राहिलो. उठायला यजमानाने खांदा दिला.

तीन दिवस मी घरी मोजके बोललो. चौथ्या दिवशी पत्नीने विचारले, "रागावलात कुणावर?"

मी तिला सर्व सांगितले. ती निवडत असलेल्या तांदळांवरून नजर न काढता म्हणाली, "मी चार महिन्यांपासून दोन पोळ्यांची कणीक जास्त भिजवतेय."

"मग मला सांगितले का नाहीस?"

"काय सांगायचं? तुम्ही म्हणायचात, साखर सोडलीय, भूक लागणारच. आणि भुकेल्या माणसाला पोळी नको कशी म्हणू?"

त्या क्षणी माझा राग कोणावर होता हे मला स्पष्ट दिसले. आचाऱ्यांनी पन्नास माणसांना घटकाभर फसवले आणि लगेच हात जोडले. मी एकाच माणसाला चार महिने फसवीत होतो, आणि तो माणूस रोज संध्येला बसत होता.

दुसऱ्या दिवशी म्हशाची एस.टी. धरली. आचारी अंगणात शेंगा सोलत होते. मला पाहून त्यांनी काकूंना हाक मारली, "गुरुजी आलेत गो," आणि माझ्यासाठी घोंगडी अंथरली. मी बसलो. काकूंनी चहा आणला तेव्हा मी डबी काढली नाही.

"आता उपाय सांगा," मी म्हणालो.

"उपाय डागदर सांगतील. मी आचारी."

"तुम्हांला माझे पान पाठ आहे, असे तुम्हीच म्हणालात."

त्यांनी हातातली शेंग सोलली. मग म्हणाले, "पूजेच्या आधी तुमी यजमानाला हातात पाणी घ्यायला लावता. काय करणार, कुणासाठी करणार, किती करणार, ते आधी बोलून घेता. खरं ना?"

"संकल्प."

"तोच. मंग जेवणाच्या आधी का नाय? पानावर बसायच्या आधी, पोट रिकामं असताना, तोंडानं सांगायचं. दोन पोळ्या, एक मूद भात, गोड एकदा. बसल्यावर माणसाचं ऐकायचं नाय, ते खोटं असतं. बसायच्या आधीचं खरं." त्यांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. "माझ्या कामावर असलात की मला सांगायचं, मी वाढीन. मंग तुमी माझ्या पाया पडलात तरी दुसरी वाढणार नाय."

इतकी वर्षे मी इतरांकडून संकल्प करवून घेत होतो आणि जेवायला बसताना मात्र काहीही न बोलता बसत होतो.

शहापूरच्या डॉक्टरांना मी ही सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. म्हणाले, "गोळीत वजन वाढवणारे जवळजवळ काही नाही, हे खरे. साखरेच्या जागी ती घेतली आणि बाकीचे जेवण होते तेवढेच ठेवले, तर काहींचे वजन थोडे उतरतेही. ती भूक वाढवते का, यावर जाणकारांचे अजून एकमत नाही. तुमच्या आचाऱ्यांच्या दोन ओळींनी ते ठरणारही नाही. पण केवळ तिच्या भरवशावर वर्षानुवर्षे वजन उतरेल, असे आम्हीही सांगत नाही. तुमचे काय झाले ते मात्र त्यांनी बरोबर ओळखले आहे. चहाची गोडीच कमी करत न्या. आणि तो संकल्प चालू ठेवा." मग हसून म्हणाले, "ते आचारी माझ्या मुलाच्या लग्नाला मिळतील का?"

हा निरोप मी आचाऱ्यांना दिला. ओळींनी काही ठरत नाही, हे ऐकून ते मुळीच खट्टू झाले नाहीत. "बरोबर हाय त्यांचं. पोटाचंही असंल थोडं. पण मला पुऱ्या किती लाटायच्या ते कळलं," असे म्हणाले, आणि त्यानंतरच्या कोणत्याही बिनसाखरेच्या कार्यात त्यांची कणीक कमी पडली नाही.

चहातली गोडी मोडायला मला दोन महिने लागले. पहिले पंधरा दिवस तो चहा मी औषधासारखा घेतला. पुढे त्यात आल्याची चव लागू लागली, नंतर दुधाची. पंगतीत आचारी माझ्यासमोर येऊन उभे राहत आणि मी बसण्याआधी त्यांना माझा आकडा सांगे. एकदा खरवस पाहून माझा निश्चय ढळला. मी म्हणालो, "आचारी, आज अपवाद करू." ते मागे वळून वाढप्यांना म्हणाले, "गुरुजींचं पान झालंय, ताक आणा." यजमानीणबाईंना वाटले, हा पुरोहिताचा अवमान आहे. त्या आचाऱ्यांना बोलू लागल्या. मीच त्यांना थांबवले. ताक चांगले होते.

आश्विनात काटा ब्याऐंशीवर आला. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय काढला नाही. दहा किलो झाले नव्हते, पण गुडघ्यातली कळ तिसऱ्या अध्यायावरून सरकत पाचव्याच्या शेवटापर्यंत गेली होती. ते सांगायला मी म्हशाला गेलो. आचारी आजारातून नुकते उठले होते, आवाज क्षीण झाला होता, नजर मात्र होती तशीच.

"बैठक किती जमते?" त्यांनी विचारले.

"दीड तास. फार तर पावणेदोन."

"आन् पूजा किती येळेची?"

"आरतीपर्यंत सव्वादोन तास."

त्यांनी छपराकडे पाहत अंदाज बांधला. पाचशे पानांची कणीक ठरवताना पाहत तसाच. "अर्धा तास उरला. मंग दिवाळीनंतर करू. माझ्याच घरी. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पूजेला रांधलं, माझ्या घरी सत्यनारायण झालाच नाय. पण खुर्चीवरचे गुरुजी मला नको. जमंल?"

"जमेल," मी म्हणालो. त्यांना धीर द्यावा म्हणून ते म्हटले नव्हते. मला खरोखरच ठाऊक होते, की जमेल.

कार्तिकातल्या पौर्णिमेला त्यांच्या सारवलेल्या पडवीत मी पाटावर बसलो. आचारी आणि काकू शेजारच्या पाटांवर यजमान म्हणून बसले. रांधायला त्यांनी कोणालाच बोलावले नव्हते; सकाळीच काकूंनी सगळे उरकले होते. संकल्पाला मी त्यांच्या तळहातावर पाणी सोडले, तेव्हा तो हात भाजल्याच्या जुन्या खुणांनी भरलेला दिसला. कथेचा पहिला अध्याय झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला ते माझ्या गुडघ्याकडे पाहू लागले. मी वाचत राहिलो. चौथ्यात त्यांनी काकूंना निरांजन तयार ठेवायला खुणावले. पाचवा संपला, पोथी मिटली, नैवेद्य झाला, आणि काकूंनी निरांजन पेटवले.

आरतीला उठायची वेळ आली. आचारी आधी उठले, गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. मग वळून त्यांनी माझ्यापुढे हात केला. मला आधार लागणार नाही, हे मला बसल्या जागी कळत होते. तरीही मी त्यांचा हात धरला आणि उठलो.